एका हाकेला ओ

आमच्या शाळेतल्या इंग्रजीच्या मास्तरांनी त्या वर्षी आठवीला पहिला अख्खा महिना दोनच शब्द शिकवले. हिअर आणि लिसन. पुस्तकाला हात नाही, स्पेलिंग नाही, कविता नाही. जुलै लागला, धानाची रोवणी सुरू झाली, अर्धा वर्ग आईबापांसोबत चिखलात उतरला, आणि उरलेला अर्धा शाळेमागच्या तळ्याच्या पाळीवर डोळे मिटून बसलेला. मी विज्ञानाची बाई, नुकतीच नोकरीला लागलेली. माझ्या वर्गात मुलं ऑक्सिजनचे गुणधर्म घोकत असायची आणि खिडकीतून मला ही समाधी लावलेली आठवी दिसायची. मनात म्हणायचे, हा माणूस एक तर फार हुशार आहे, नाही तर फार आळशी.

मराठीत दोन्हीला ऐकणंच म्हणतात, याचा मास्तरांना भारी राग. वर्गात कुणी नुसतं ‘ऐकलं’ म्हणालं की खडू टेबलावर ठेवून विचारायचे, “कोणतं ऐकणं? कानावर पडलं का कान देला?”

मग समजावून सांगायचे. “हिअर म्हणजे कानावर पडणं. त्याले तुमची परवानगी लागत नाई. गाढवाच्याबी कानावर पडते. लिसन म्हणजे कान देणं. देणं समजते ना? आपलं काई जाते, तवा त्याले देणं म्हणते.” आणि हे ज्यांच्या डोक्यात शिरणार नाही त्यांच्यासाठी सोपी कसोटी होती. ऐकून उठलास तर लिसन, बसूनच राहिलास तर हिअर.

एकदा चंद्रपूरहून तपासणीला साहेब आले. त्यांनी आठवीत जाऊन नेमका हाच प्रश्न विचारला, बहुधा कुणीतरी कळ लावलेली असावी. शेवटी मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि छातीठोकपणे म्हणाली, “सर, हिअर इज सिटिंग. लिसन इज स्टँडिंग.” साहेब डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मुख्याध्यापकांना घाम फुटला. मास्तरांनी मात्र त्या मुलीकडे असं पाहिलं, जसं काही ती बोर्डात पहिली आली आहे.

अंगाने ते वाळल्या बांबूसारखे, उंच, मान कायम डावीकडे कललेली. तुमच्याशी बोलताना त्यांची नजर तुमच्यावर असायची, पण कान तुमच्या मागे कुठेतरी. त्यांच्याशी बोलता बोलता मी कितीदा तरी मागे वळून पाहिलं असेल. कुणी नसायचं.

आमच्या खोल्या शेजारीशेजारी होत्या, त्यामुळे त्यांचं बिऱ्हाड मला जवळून पाहायला मिळालं. एकट्याचं बिऱ्हाड, पण त्यात आवाज करणारी एकही वस्तू नाही. दाराच्या बिजागऱ्यांना दर आठवड्याला जवसाचं तेल. सायकलची घंटी काढून ठेवलेली. अलार्मचं घड्याळ जुन्या धोतरात गुंडाळून ट्रंकेच्या तळाशी. त्या काळात मास्तर लोक पहिल्या पगारात ट्रान्झिस्टर घ्यायचे, यांनी भावाने दिलेला परत केला. भात मातीच्या गाडग्यात शिजवायचे, कारण जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या, भांड्याचं झाकण वाजतं. एकदा मी वरणभातासोबत पापड तळून पाठवला, तर तो तसाच परत आला. “बाई, राग मानू नका,” ते म्हणाले, “पापड खाताना काई ऐकू येत नाई.”

पावसाळ्यात त्यांचा चेहरा उतरलेला असे. छपराच्या कवेलूंवर पाऊस वाजायला लागला की उंबऱ्यात येऊन बसायचे, गाडी चुकलेल्या माणसासारखे. पाऊस थांबला की पहिली गोष्ट म्हणजे खिडकी उघडायचे. जंगलाच्या बाजूची.

हे सगळं मला तोवर गमतीचं वाटत होतं. गंमत संपली ती दिवाळीनंतरच्या एका दुपारी.

आमच्या वर्गांच्या मध्ये नुसती बांबूची तट्टी होती. पलीकडे मास्तर शिकवत होते, आणि वाक्याच्या मध्येच त्यांचा आवाज थांबला. मग स्वच्छ, अदबशीर, वडीलधाऱ्या माणसाला द्यावा तसा आवाज आला, “ओ!” आणि लगेच, “आलो, आलो.” रबरी चपला पायऱ्या उतरून गेल्या. मी खिडकीतून पाहिलं. मास्तर भर उन्हात मैदान ओलांडून गेले, जिथे मैदान संपतं आणि सागवानाची झाडं सुरू होतात तिथे जाऊन उभे राहिले. मान डावीकडे. थोड्या वेळाने परत आले आणि वाक्य जिथे सोडलं होतं तिथून पुढे बोलू लागले.

मधल्या सुट्टीत मी त्या मागच्या बाकावरच्या मुलीला विचारलं, “काय गं, सर कुठे गेले होते?”

“सरांले हाक आल्ती, बाई.”

“कुणाची?”

“आमाले नाई आली ना,” ती म्हणाली आणि लंगडी खेळायला पळाली.

माझी विज्ञानाची पदवी कुठल्या कुठे गेली.

गावात त्यांना ‘ओ मास्तर’ म्हणतात हे मला आमच्या शिपाईभाऊंकडून कळलं. हे शिपाईभाऊ गावचेच, वयाने थोराड, खांद्यावर गमछा. घंटा त्यांच्या मनाला येईल तेव्हा व्हायची आणि गावात त्यांच्या शब्दाला मुख्याध्यापकांच्या शब्दापेक्षा वजन होतं. त्यांची थोरली मुलगी नवरा वारल्यावर माहेरी परतली होती. रोज दुपारी ती बापाचा डबा घेऊन यायची आणि जाता जाता माझ्याशी दोन शब्द बोलायची. एवढ्या मुलीपुरते शिपाईभाऊ मऊ होते. बाकी सगळ्या जगाशी त्यांचं भांडण, आणि त्यात मास्तरांशी सगळ्यात मोठं.

“बाई, जंगलाकडून एकच हाक आली तं ओ नाई द्याचा,” त्यांनी मला बजावलं होतं. “दुसरी येऊ द्याची. माणूस असन तं दुसरी मारतेच. त्याले एकच मारता येते.” हा ‘तो’ कोण, ते तिकडे कुणी तोंडाने बोलत नाही. “ओळखीच्या आवाजात मारते, नाव घेऊन मारते. ओ देला का तुमच्या घरचा रस्ता त्याले सापडते. अन् हा मास्तर दिवसाढवळ्या शाळेतून ओ देऊन राह्यला! शंभर लेकरं बसते इथी.”

आता माझं सांगते. आमच्या आजोबांनी धर्मांतराच्या वेळी देव्हारा वैनगंगेत सोडला आणि देवांबरोबर भुतंही सोडली. आमच्या घरी अंगारा नाही, उतारा नाही, लिंबूमिरची नाही. पण गंमत अशी की एका हाकेला ओ माझी आईही देत नसे. का म्हणून विचारलं तर म्हणायची, “भुताखेतासाठी नाई व, सवय आहे.” देव गेले, सवय राहिली. मीही देत नव्हते.

त्या हिवाळ्यात गावात काय काय झालं. कुणाची गाय रानातून परतली नाही, कुणाचं मूल तापाने फणफणलं, एक विहीर आटली. सगळं मास्तरांच्या खात्यावर जमा झालं. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी मास्तरांची बदली करायची असं शाळा समितीने ठरवलं आणि आम्हा शिक्षकांनी दुजोरा द्यावा म्हणून शिपाईभाऊ एकेकाला गाठू लागले. मास्तरांना ते कळलं. एका संध्याकाळी ते माझ्या दारापुढे येऊन उभे राहिले. आत या म्हटलं तरी येईनात.

“बाई, तुमाले इचारतील. येडा म्हणा, आळशी म्हणा, माझी हरकत नाई. पण बदली करा म्हणू नका.”

“सर, असं काय आहे इथं? चंद्रपूर मिळालं तर बरंच होईल की तुम्हाला.”

“चंद्रपुरात ऐकू नाई येत ना,” ते म्हणाले. “मले या जंगलाच्या टप्प्यात राह्याचं आहे. बाकी कायच नाई पाह्यजे.” त्यांनी हात जोडले. मला इतकं कानकोंडं झालं की मी दार लोटून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी शिपाईभाऊंना गाठून सरळच विचारलं की या माणसाचं इथे काय हरवलं आहे.

ते आधी सांगेनात. मग व्हरांड्यात बसून, तंबाखू मळत मळत बोलले.

“त्याची बायको आमच्या गावची होती, बाई. जंगलाच्या त्या अंगाले देल्ती. मोहाचे दिवस होते, दोघंबी सकाळीच फुलं वेचाले गेले. हा अलीकडच्या झाडाखाली, ती ओढ्यापलीकडं. तिकडून तिनं हाक मारली, ‘ऐकता का जी!’ एकच. हा किती इंग्रजी शिकला तरी इथलाच माणूस ना. थांबला. दुसरीची वाट पाह्यत राह्यला.”

“मग?”

“मंग काय? दुसरी आलीच नाई.”

टोपली तेवढी सापडली. मोहाने भरलेली, एका सपाट दगडावर नीट ठेवलेली, डोक्यावरचं ओझं हाताने उतरवून ठेवावं तशी. रक्त नाही, लुगड्याची चिंधी नाही, पंजाचा ठसा नाही. लोकांनी महिनाभर रान धुंडाळलं.

“तिनं नाव नव्हतं घेतलं,” शिपाईभाऊ म्हणाले. “नवऱ्याचं नाव कोणती बाई घेते? तेच त्याच्या डोक्यात बसलं. ‘तो नाव घेऊन बोलावते. इनं तं नाव घेतलंच नव्हतं, मंग मी थांबलो कशाले?’ असं म्हणते. त्याले वाटते, ती अजून हाक मारून राह्यली. म्हणून बदली मागून इथी आला. वाईट वाटते बाई, आमचीच पोरगी होती. पण गेलेल्या माणसाले ओ देणं बरं नाई. हा तिले गावात आणन एक दिवस.”

मला पहिल्यांदाच मास्तरांची दया आली, आणि त्याच वेळी भीतीही वाटली. शिपाईभाऊंना मी ना हो म्हटलं, ना नाही.

एप्रिलमध्ये परीक्षा झाल्या. शेवटचा पेपर सकाळच्या वेळेत संपला, मुलं घरी गेली आणि शिक्षकांच्या खोलीत आम्ही तिघंच उरलो. मास्तर आणि मी उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधत होतो, शिपाईभाऊ लाख वितळवून मोहोर लावत होते. मध्ये मध्ये उठून ते रस्त्याकडे पाहायचे. मुलगी सकाळी मोहा वेचायला गेली होती आणि डबा अजून आला नव्हता. बाहेर पान हलत नव्हतं. अशा दुपारी तिकडे पाखरूही बोलत नाही.

आणि हाक आली.

“ऐकता का जी!”

बाईचा आवाज. जंगलाकडून आला, पण ओरडल्यासारखा नव्हता. चुलीपाशी बसलेल्या बाईने ओसरीवरच्या नवऱ्याला सहज विचारावं, जेवण वाढू का, असा. त्यात भीती नव्हती, घाई नव्हती. एवढ्या लांबून इतका हलका आवाज इतका स्पष्ट कसा आला, हे आजही मला भौतिकशास्त्राने सांगता येत नाही.

शिपाईभाऊंनी गमछा तोंडावर दाबला आणि दुसऱ्या हाताने मास्तरांचं मनगट धरलं. “एकच आली, मास्तर,” ते गमछ्यातून म्हणाले. “बसा.”

मास्तर माझ्याकडे पाहत होते. “बाई, तुमालेबी आली?”

मी होकाराची मान डोलावली. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरू शकत नाही. आनंद होता तो, दुसरं काही नाही. आजवर ती हाक त्यांच्याशिवाय कुणालाच आली नव्हती.

“ओ!” ते इतक्या मोठ्याने ओरडले की लाखेचा दिवा विझला. मनगट सोडवून ते धावत सुटले. “ओ! आलो! ओ!” मैदान, सागवान, मग नुसता आवाज, लांब लांब जाणारा. शिपाईभाऊंनी उठून खिडकी लावून घेतली. ओ माझ्याही ओठांपर्यंत आला होता. बाहेर पडला नाही.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. शिपाईभाऊंनीच शेवटी राहवेना म्हणून खिडकी उघडली, आणि एकदम ओरडले. उन्हातून मास्तर येत होते, वाकून, पाठीवर एक बाई घेऊन. जवळ आल्यावर ओळख पटली. शिपाईभाऊंची मुलगी होती.

तिचा पाय मोडला होता. मोहा वेचताना अस्वल अंगावर आलं. ती पळाली आणि कोरड्या ओढ्यात कोसळली. अस्वल वर काठावर, तिच्या सांडलेल्या टोपलीतला मोहा खात बसलेलं. मास्तर ओ ओ करत आले तसं ते उठून झाडीत गेलं. आणखी थोडा वेळ गेला असता तर टोपली संपली असती, आणि मग काय झालं असतं हे तिकडच्या माणसाला सांगावं लागत नाही.

शिपाईभाऊ ढसाढसा रडायला लागले. “तुझी हाक आली वं माय, माह्या कानानं ऐकली, अन् मी खिडकी लावून बसलो!”

“म्या कुठी मारली हाक?” मुलगी म्हणाली.

आम्ही दोघं तिच्याकडे पाहू लागलो.

“म्या तं पदर तोंडात कोंबून पडली होती, बा. जराक आवाज केला असता तं त्यानं फाडलीच असती.” ती कण्हत होती, पण शब्द स्वच्छ होते. “अन् सर आले ना, तं मले शोधत नाई आले. कोणाच्या तरी मागं मागं आल्यावानी आले. ‘कुठी? इथी का? बरं, बरं,’ असं बोलत होते. म्या मुंडी वर करून पाह्यलं. कोणीच नव्हतं.”

मास्तर माठातलं पाणी पीत होते. आमच्याकडे त्यांची पाठ होती. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी गडवा माठावर पालथा घातला, तेव्हा तो चांगला खणकन वाजला. त्यांच्या हातून भांडं वाजलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

बदलीचं नाव त्यानंतर कुणी काढलं नाही. शिपाईभाऊ रोज सकाळी मास्तरांच्या दारात दुधाचा तांब्या ठेवून जाऊ लागले. गावाने मास्तरांना डोक्यावर घेतलं. आणि गंमत पाहा, आता मास्तरांनीच बदली मागितली. तीही कुठे? घुग्घुसला. कोळशाच्या खाणी, सिमेंटचा कारखाना, रस्त्याने ट्रकांची रांग. मी त्यांना विचारलं, तुम्हाला वेड लागलं आहे का?

ट्रंक भरता भरता ते म्हणाले, “इतकी वर्षं वाटे, ती मले बोलावते. तसं नाई आहे, बाई. तिले मीच पाह्यजे असं नव्हतं. तिले उठणारा पाह्यजे होता. उठलो. आता मले जरा गोंगाटात झोपू द्या.” ट्रंकेच्या तळाचं घड्याळ काढून त्यांनी माझ्यादेखत चावी दिली.

पुढे माझं लग्न झालं, मी चंद्रपूरला आले. घुग्घुस काही लांब नाही. एकदा मुद्दाम मास्तरांना भेटायला गेले. रस्त्यावरचीच खोली, दारापर्यंत करडी धूळ. आत भिंतीवर घड्याळ टकटकत होतं, ट्रान्झिस्टरवर गाणी लागली होती, खाट करकरत होती. मास्तर चक्क अंगाने भरले होते. मान सरळ झाली होती. मला बसवलं, चहा केला आणि बशीत तळलेले पापड आणून ठेवले. स्वतः एक घेऊन असा कुर्रम कुर्रम चावला की मला हसू आवरेना. इतक्या वर्षांनी मला त्या माणसासाठी फार बरं वाटलं.

“आता येते का हाक?” मी विचारलं.

“नाई. एकदाबी नाई.”

बाहेरून कोळशाच्या ट्रकांची रांग जात होती. कप बशीत थरथरत होते, गाण्याचा एक शब्द कळत नव्हता. आणि त्या सगळ्या कल्लोळात, माझ्या डाव्या कानाशी, मुळीच न ओरडता, चुलीपाशी बसल्या बाईने विचारावं तसं कुणीतरी म्हणालं, “ऐकता का जी!”

मास्तर दुसरा पापड उचलत होते. त्यांना काही ऐकू आलं नव्हतं. मग त्यांचं लक्ष माझ्या चेहऱ्याकडे गेलं आणि हात तसाच थांबला. त्यांनी ट्रान्झिस्टर बंद केला. घाबरले नाहीत, चकितही झाले नाहीत. आठवीच्या वर्गात विचारायचे तसंच त्यांनी विचारलं.

“काय बाई? कानावर पडलं का कान देला?”

उत्तर द्यायला मी तोंड उघडलं, तर आतून ‘ओ’ निघाला. आणि मग माझ्या लक्षात आलं की मी केव्हाची उभी आहे.